वर्ध्याच्या मे महिन्यातली थंडी

वर्ध्याच्या मे महिन्यात एखादी गोष्ट थंड सापडली तर तिची बातमी होते. नळाचं पाणी चहा टाकण्याच्या लायकीचं येतं, दाराच्या कडीला हात लावायचा तर आधी रुमाल शोधावा लागतो आणि नालवाडीच्या रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा दुपारी पाय उचलून उचलून टाकतं. अशाच एका दुपारी डॉक्टर अण्णाजींनी पौर्णिमाच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले, आत कोणी बोलत असल्यासारखं बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "पोरी, तुह्यं गर्भाशय थंड हाय."

शेजारच्या स्टुलावर प्रफुल्ल बसला होता. त्याने आधी गरम हवा खाली ढकलणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग अण्णाजींकडे.

"किती थंड?" त्याने विचारलं.

प्रफुल्ल बी.एस्सी. होता आणि जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होता. दिवसभर गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून येई आणि त्यात फ्लोराइड किती, क्षार किती हे तो सांगे. 'पाणी वाईट आहे' असं म्हणणाऱ्या माणसाला 'किती वाईट?' असं विचारल्याशिवाय त्याचा घास खाली उतरत नसे. लग्नात सासूने 'थोडं घ्या ना' म्हटलं, तेव्हाही त्याने हाच प्रश्न विचारला होता आणि मांडवात तो बराच वेळ चर्चेचा विषय झाला होता.

"हे थर्मामीटरचं थंड नोहे जी," अण्णाजी शांतपणे म्हणाले. "वावरात ओल हाय, बी हाय, पन जमिनीत ऊब नाई. मंग कोंब कसा फुटन?"

अण्णाजी तरुणपणी कलकत्त्याला चिनी लोकांच्या वस्तीत राहून सुया टोचायला शिकून आले होते. भिंतीवर एका उघड्याबोडक्या माणसाचं चित्र होतं. त्याच्या अंगावरून रेल्वेच्या नकाशासारख्या रेघा गेलेल्या होत्या आणि प्रत्येक स्टेशनाला चिनी नाव होतं. गुडघेदुखी आणि अर्धशिशीसाठी पवनार-सेलूहून लोक त्यांच्याकडे येत. मूल व्हावं म्हणून आलेलं हे पहिलंच जोडपं असावं, कारण उपचार ठरवताना ते चित्राकडे जरा जास्त वेळ पाहत होते.

उपचार असा ठरला. सुया. कडू मुळ्यांचा काढा, तोही मातीच्याच भांड्यात उकळलेला. झोपताना कढत पाण्यात पाय. पायांत लोकरीचे मोजे. थंड पाणी, दही, काकडी, कलिंगड, पन्हं आणि कूलरची हवा बंद. शिवाय एका वाळक्या पाल्याच्या कांड्या. ह्या कांड्या पेटवून बेंबीखाली कातडीपासून बोटभर अंतरावर धरायच्या, म्हणजे ऊब आत मुरते.

आता ह्यात तसं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते असं, की ह्या जोडप्याचा नागपूरच्या डॉक्टर मॅडमकडे आधीपासूनच इलाज चालू होता.

मॅडमचं शास्त्र प्रफुल्लच्या ओळखीचं होतं. त्यात गोळ्या होत्या, सोनोग्राफी होती, अंडं किती मिलिमीटर वाढलं ते पडद्यावर दिसत होतं. पौर्णिमाचं अंडं वेळेवर तयार होत नव्हतं, हे एकदा दिसलं. मग मॅडमनी प्रफुल्लचीही तपासणी करायला लावली. ती बाटली देताना त्याला पहिल्यांदाच जाणवलं की आजवर आपण लोकांच्या विहिरींबद्दल किती कोरडेपणाने बोलत आलो. रिपोर्ट आला. संख्या कमी आणि चाल मंद. ते 'मंद' वाचून त्याचा चेहरा पडला. शाळेत त्याचा कायम पहिला नंबर असे.

"घाबरण्यासारखं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण उष्णता टाळा. ह्या पेशींना गारवा लागतो. घट्ट पँट नको, स्कूटर नको, गरम पाण्याची आंघोळ नको. दुपारी शक्यतो कूलरसमोर बसा."

म्हणजे शास्त्रार्थ असा निघाला, की चीनच्या मते बायको गरम ठेवायची आणि नागपूरच्या मते नवरा थंड. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. कूलर एक.

प्रफुल्लला हे तत्त्वतः मान्य नव्हतं. "प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते," तो पौर्णिमाला म्हणाला. "दोन्ही एकदम केलं आणि गुण आला, तर कशानं आला ते कळणारच नाही."

पौर्णिमा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. लोकांची मुलं वजनकाट्याला टांगून ती रडायच्या आत आकडा वाचायचा, हे तिचं काम. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिने हे काम हसतमुखाने केलं होतं. अलीकडे ती घरी आली की आधी भिंतीला पाठ टेकून थोडी बसे.

"मले कशानं झालं ते कळलं नाई तरी चालन," ती म्हणाली. "तुमाले कळ्ळंच पाह्यजे काय?"

प्रफुल्ल दोन्ही इलाजांना कबूल झाला. तिने फक्त एक अट घातली. कोणाला सांगायचं नाही. शेजाऱ्यांना नाही, आणि पुलगावला आईबाबांना तर अजिबात नाही. "आई लगेच रडन, मावशीले सांगन, मंग सारे फोन करतीन, 'काही हाय काय' म्हनून. मी मेली तरी मले ते नको."

प्रफुल्लने शब्द दिला. शब्द देणं सोपं असतं. तो पाळायला स्वतंत्र खोली लागते.

मधलं दार लावून घराचे दोन हवामान-विभाग झाले. पुढच्या खोलीत खिडकीत बसवलेला कूलर, त्यासमोर लुंगी नेसलेला प्रफुल्ल. मागच्या खोलीत काढा उकळणारी शेगडी, कढत पाण्याचं घमेलं आणि मोजे घातलेली पौर्णिमा. कूलरची खिडकी रस्त्याकडे होती आणि मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या शकुंतलाबाईंच्या धुण्याच्या दगडाकडे. ह्याहून वाईट वास्तुशास्त्र कोणी मुद्दाम काढलं असतं तरी जमलं नसतं.

शकुंतलाबाईंना पहिल्या दिवशी मोजे दिसले. दुसऱ्या दिवशी घमेलं दिसलं. तिसऱ्या दिवशी त्यांचे यजमान बंडूजी, कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार, कूलरच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"काय जी, मजेत?"

"हो जी."

"वैनी कुठं हाय?"

"आतमध्ये."

"आतमंदी गरम होत असन ना."

"होतं," प्रफुल्ल म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती.

बंडूजींनी जन्मभर साक्षीदारांचे चेहरे पाहिले होते. त्यांनी मान हलवली आणि ते गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीत निकाल लागला होता: हा माणूस बायकोले भट्टीत ठेवते आन् सोता हवा खाते.

त्यात भर पडली ती कांड्यांची. त्या जाळल्या की असा धूर निघे, की प्रामाणिक नाकाला फक्त चिलीम आठवावी. दोनतीन दिवसांनी बंडूजी पुन्हा आले. ह्या वेळी आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "साहेब, नाराज नोका होऊ. पन माल कुठून आनता?"

"कलकत्त्याहून," प्रफुल्ल म्हणाला. हेही खरंच होतं.

सल्ले मात्र कोणी थांबवले नाहीत. दवाखान्याचा कोणाला पत्ता नसला तरी मूल नाही हे सगळ्यांना दिसत होतं, आणि प्रत्येकाला वाटे की ह्या घरातल्या भांडणाचं मूळ तेच. एकीने पळसाच्या पानाचा उपाय सांगितला, एकीने पलंगाची दिशा बदलायला लावली. ऑफिसातल्या नत्थू शिपायाने टेबल पुसता पुसता सांगितलं, "साहेब, कूलर इका. माह्या साल्यानं कूलर इकला आन् वरसात पोरगा झाला." प्रफुल्लने त्याला, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे समजावलं. नत्थूने ऐकून घेतलं आणि म्हटलं, "दुसरंबी झालं ना मंग."

शेवटी शकुंतलाबाईंनी आपलं कर्तव्य केलं. चौकातल्या एसटीडीवरून पुलगावला फोन लावला.

पौर्णिमाचे वडील तानबा पुलगावच्या दारूगोळा डेपोत फायरमन होते. आग लागण्याआधी पोचणं हा त्यांचा धंदा; ते दुसऱ्याच दिवशी सकाळी पत्नी सुलोचनाबाईंना घेऊन हजर झाले. दारातच सुलोचनाबाईंची नजर लेकीच्या मोज्यांवर गेली आणि पदर डोळ्यांना लागला. तानबांनी कूलरकडे पाहिलं, जावयाच्या लुंगीकडे पाहिलं, आणि खुर्ची कूलरच्या वाऱ्याबाहेर ओढून बसले.

"जवाईबापू, हे काय चालू हाय?"

प्रफुल्लने पौर्णिमाकडे पाहिलं. तिने मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली.

"काही नाही मामाजी."

"माही पोरगी बिमार हाय काय?"

"नाही."

"मंग तिले तिथं काऊन बसवलं?"

प्रफुल्लचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. आपण अन्यायाने बदनाम होत आहोत आणि बचावाचा पूर्ण पुरावा आपल्या खिशात रिपोर्टच्या रूपात घडी करून पडला आहे, ही अवस्था कोणावर येऊ नये. पौर्णिमानेच मग मार्ग काढला. "मी जातो काही दिवस आईसंग," ती म्हणाली. आत पिशवी भरताना ती पुटपुटली, "गोळ्या घेऊन जातो. इंजेक्शन तिथं कोनाकडूनही घेईन. फक्त त्या दिवशी तुमी वेळेवर या."

'त्या दिवशी' म्हणजे मॅडमनी ठरवलेला दिवस. आदल्या दिवशीच्या इंजेक्शनाने अंडं सुटणार, आणि मॅडम प्रफुल्लच्या पेशी धुऊन, त्यातल्या चपळ तेवढ्या निवडून, नळीने आत सोडणार. सकाळीच पोचायला हवं होतं. उशीर झाला तर सुटलेलं अंडं वाट पाहत नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

वास्तविक पौर्णिमाने एकटीने गाडीत बसावं आणि प्रफुल्लने वर्ध्याला त्याच डब्यात चढावं, इतकं ते सोपं होतं. पण रुसून माहेरी आलेली लेक अशी एकटी पाठवत नाहीत. जावयाने घरी यावं, दोन शब्द ऐकून घ्यावेत, चहा प्यावा आणि मग न्यावं. सुलोचनाबाईंनी तसं निक्षून कळवलं होतं. म्हणून प्रफुल्ल नागपूरच्या उलट दिशेची पहाटेची गाडी धरून पुलगावला उतरला. खांद्याला शबनम. शबनममध्ये मॅडमची फाइल, आणि अण्णाजींनी आठवणीने दिलेल्या नव्या कांड्या. "नागपूरले जायच्या आंधी एकदा ऊब देजो," असं त्यांनी सांगितलं होतं.

तानबांचं क्वार्टर डेपोच्या वसाहतीत होतं आणि वसाहतीला फाटक होतं. फाटकावर हवालदाराने पिशवीत हात घातला आणि कांड्या बाहेर आल्या. लांबट, गोल, घट्ट गुंडाळलेल्या, लाल कागदाच्या, आणि त्यावर उभी चिनी अक्षरं. प्रफुल्लने त्या आजवर अनेकदा हाताळल्या होत्या. पण जगातल्या सगळ्या दारांपैकी ह्या दारात त्या कशा दिसतील, हा विचार त्याच्या शास्त्रीय मेंदूला त्या क्षणापर्यंत शिवला नव्हता.

"ये क्या है?"

"दवाई है."

"कहाँ की?"

"चीन की."

हवालदाराने दुसऱ्या जवानाकडे पाहिलं. जवान एक पाऊल मागे सरला.

"खाने की है?"

"नहीं. जलाने की."

"कहाँ जलानी है?"

इथे कोणताही शहाणा माणूस थांबला असता. "पेट के ऊपर," प्रफुल्ल म्हणाला. "मेरी बीवी के." आणि माहिती अपुरी राहू नये म्हणून त्याने जोडलं, "एकदम नहीं जलती. लपट भी नहीं निकलती. धीरे धीरे, अंदर अंदर, आखिर तक जाती है."

ह्याला दारूगोळ्याच्या गावात सुरुंगाची वात म्हणतात.

त्यानंतर जे झालं ते त्यांच्या नियमाप्रमाणेच झालं आणि कोणी त्याला एक वावगा शब्द बोललं नाही. फाटक बंद झालं. त्याला लिंबाखाली बाकावर बसवलं. कांड्या लांब, मोकळ्या जागेत, वाळूच्या बादलीत उभ्या केल्या. साहेब येईपर्यंत कोणाला काही ठरवता येणार नव्हतं. आणि आग लागण्याजोगी वस्तू म्हणून फायर स्टेशनला निरोप गेला. गणवेशातले चार जण धावत आले. त्यांत सगळ्यांत पुढे, हातात वाळूची बादली घेऊन, तानबा होते.

"जयभीम, मामाजी," प्रफुल्ल उठून म्हणाला.

"जयभीम," तानबा म्हणाले. बादली त्यांनी खाली ठेवली नाही. "हे काय आनलं?"

सासरे, तीन फायरमन, हवालदार, जवान आणि फाटकाबाहेर खोळंबलेला दूधवाला. अशा सभेपुढे प्रफुल्लने आपल्या शब्दाचा निकाल लावला. इलाज चालू आहे, म्हणाला. पौर्णिमाला ऊब लागते म्हणून मोजे. मला गारवा लागतो म्हणून कूलर. दोष दोघांतही थोडा थोडा आहे. आज नागपूरला पोचायचं आहे, आणि गाडीची वेळ झाली आहे. हवालदारासाठी त्याने हे सगळं हिंदीतही सांगितलं. 'मंद'ला हिंदीत काय म्हणतात ते त्याला आठवेना. दूधवाल्याने मदत केली, "सुस्त."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तानबांनी बादली हळूच जमिनीवर टेकवली. "साहब," ते हवालदाराला म्हणाले, "दवाई है. मेरी लड़की की है." मग ते जावयाशेजारी बाकावर बसले.

"आमी तं तुमाले इतके दिवस शिव्या देऊन राह्यलो," तानबा म्हणाले.

"हो."

"सांगायचं नाई काय बाप्पा?"

"पौर्णिमाला नको होतं."

लांबून नागपूरच्या गाडीची शिटी ऐकू आली. थांबली, सुटली, गेली. साहेब अजून यायचे होते.

साहेब आले तेव्हा त्यांनी फाइल पाहिली, कांडी हुंगली, स्वतःच्या आईच्या कंबरदुखीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. कांड्या मात्र नियमाप्रमाणे पाण्यात बुडवाव्या लागल्या. तोवर पौर्णिमा फाटकाशी येऊन उभी होती. तिला कोणी काय सांगितलं कोण जाणे. तिने आधी ओल्या कांड्यांकडे पाहिलं, मग वडिलांच्या चेहऱ्याकडे. त्यावरून तिला सगळं कळलं असावं.

पुढे एसटी. वर्ध्याला टायर बदलायला थांबली, सेलूला कशालाच नाही पण थांबली. खिडकीचा गज धरवत नव्हता. प्रफुल्ल उन्हाच्या बाजूला बसला, पौर्णिमाला ऊन लागू नये म्हणून, मग पौर्णिमा उठून त्या बाजूला गेली, त्याला गारवा हवा म्हणून, मग वाहक ओरडला, "अबे, एका जाग्यावर बसा ना!" आणि ते बसले. कोण कुठल्या बाजूला होतं हे नंतर दोघांनाही आठवलं नाही.

मॅडम निघण्याच्या बेतात होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पौर्णिमाकडे पाहिलं आणि पुन्हा हातमोजे चढवले. "करून टाकू," त्या म्हणाल्या. त्या वाक्यात आशेला जागा होती, पण उभं राहण्यापुरती.

मग वाट पाहण्याचे दिवस आले. गुपित उरलं नव्हतं, त्यामुळे वाट सगळे मिळून पाहत होते. सुलोचनाबाई रोज चौकातल्या एसटीडीवर फोन करून शकुंतलाबाईंना बोलावून घेत आणि शकुंतलाबाई धुण्याच्या दगडावरून विचारत, "वैनी, काही?" बंडूजी प्रफुल्लला रस्त्यात गाठून, वरच्या कोर्टाने निकाल फिरवला अशा अदबीने वागू लागले. पौर्णिमा दर वेळी नुसती हसे. हे टाळण्यासाठीच तिने अट घातली होती, हे प्रफुल्लला दर वेळी आठवे.

आणि एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली, भिंतीला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "नाई जी."

प्रफुल्लने दोन्ही दवाखान्यांत कळवलं. अण्णाजी म्हणाले, नागपूरच्या गोळ्यांनी ऊब मारली. मॅडम फोनवर म्हणाल्या, त्या मुळ्यांचा काढा आधी सांगायला हवा होता. प्रफुल्लला आपलं जुनं वाक्य आठवलं. गुण आला तर कशानं आला हे कळणार नाही, अशी त्याला काळजी होती. गेलं ते कशानं गेलं, हे न कळणं त्याने हिशेबात धरलंच नव्हतं.

दुपारी तो पुढच्या खोलीत बसला होता. मधलं दार उघडलं. पौर्णिमा मोज्यांशिवाय उभी होती. तिने मोजे कोपऱ्यात टाकले, येऊन त्याच्या सतरंजीशी थांबली आणि म्हणाली, "सरका."

तो सरकला. कूलर अरुंद होता. दोघांना वारा पुरायचा तर खांदे चिकटवून बसावं लागत होतं. तसे ते बसले. वाळ्याच्या टाटीतून टपटप पाणी गळत होतं. मग तिचा खांदा हलायला लागला, आणि त्याने कूलरचा वेग वाढवला, रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून.

रस्त्यावर ऐकू गेलं नाही. दिसलं मात्र. इतक्या दिवसांनी दोघं एका कूलरसमोर चिकटून बसलेले बंडूजींनी येताजाता पाहिले, आणि ह्याचा एकच अर्थ होऊ शकतो असं त्यांच्या कोर्टाने ठरवलं. घटकाभरात शकुंतलाबाई पदराखाली टोपली घेऊन मागच्या दारी आल्या. टोपलीत झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या हिरव्यागार कैऱ्या होत्या.

"काही बोलू नको बाई," त्या पौर्णिमाच्या गालाला हात लावून म्हणाल्या. "या दिवसात आंबट खावं वाट्टे. मी समजलो." आणि डोळे पुसत गेल्या.

पौर्णिमा टोपली धरून उभी राहिली. प्रफुल्ल मागे येऊन थांबला. "सांगून येऊ का त्यांना?" त्याने विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या सांगू. एक रोज खुश राहू द्या त्याईले."

तिने कैऱ्या त्याच मातीच्या भांड्यात उकडायला टाकल्या. दुसरं मोठं भांडं घरात नव्हतं. काढ्याचा वास अजून त्यात होता. गूळ घातला, वेलची घातली, आणि ज्या पेल्यातून ती रोज काढा पीत आली होती तो आणि आणखी एक विसळून त्यांत गर आणि माठातलं गार पाणी घालून पन्हं केलं.

"थोडं घेता?" तिने विचारलं.

प्रफुल्लच्या ओठांवर जुना प्रश्न आला. त्याने तो गिळला आणि पेला पुढे केला.